एका छताखाली वेगळे

मे महिन्यातल्या त्या रविवारी आट्रॅक्टा गिलहूलीनं नेहमीसारखंच बीफ भाजायला टाकलं, बटाटे सोलले, गाजरं उकडली आणि पाच जणांची ताटं मांडली. टपालानं गुरुवारी आलेलं एक तपकिरी पाकीट खिडकीत रेडिओच्या मागे पडलं होतं. नवऱ्यानं, फेलिमनं, ते न उघडताच तिथं सारलेलं. तिनं ते उचललं, अॅप्रननं पुसलं आणि त्याच्या ताटाशेजारी, सुरीच्या बाजूला सरळ ठेवून दिलं.

चर्च सुटल्यावर माणसं जमली. धाकटा मुलगा काहल अर्ध्या मैलावरच्या आपल्या बंगल्यातून चिखलाचे बूट घालूनच आला. मुलगी डर्व्हला गॉलवेहून दोन तास गाडी चालवून आली होती. तिथल्या इस्पितळात ती एक्स-रे काढायची. आईनं दोघांना फोनवर सगळं सांगितलं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कन्सेप्टाला. कन्सेप्टा म्हणजे फेलिमची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गावच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. दर रविवारी जेवायला इथंच.

प्रार्थना झाली. फेलिम मांस कापत होता. न बघताच तो म्हणाला, "कन्सेप्टा, मीठ तिकडेच राहिलं वाटतं."

मीठ आट्रॅक्टापाशी होतं. तिनं ते कन्सेप्टाला दिलं, कन्सेप्टानं भावाला दिलं. आठ वर्षं या घरात मीठ असंच फिरत होतं.

"आणि हे काय रे?" कन्सेप्टानं पाकिटाकडे बोट दाखवलं. "टॅक्सवाल्यांचं का?"

"घटस्फोटाचा अर्ज आहे," आट्रॅक्टा म्हणाली. "माझा. बटाटे घे, गार होतील."

कन्सेप्टाचा काटा ताटात टेकला तो तिथंच राहिला. फेलिम कापत राहिला. एकसारखे, पातळ काप. पाचांना पुरून उरतील एवढे.

"सदुसष्टाव्या वर्षी?" कन्सेप्टानं विचारलं. "आट्रॅक्टा, तू? अगं, पंच्याण्णव सालच्या मतदानात घटस्फोटाचा कायदा येऊ नये म्हणून तू आणि मी अख्खा परगणा पालथा घातला होता! पावसात! तुझे बूट फाटले होते."

"आठवतंय."

"जेमतेम नऊ हजार मतांनी हरलो आपण. अख्ख्या देशात मिळून नऊ हजार!"

"तेही आठवतंय. बरं झालं हरलो ते."

डर्व्हलाला हसू आलं, ते तिनं रुमालात लपवलं. काहल मात्र हसला नाही.

काहल सदतीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षापासून तो या जमिनीवर राबत आला होता, आणि जमीन अजून बापाच्या नावावर होती. आईचा फोन आल्यापासून तो धड झोपला नव्हता. वासरं बघायला गेला तरी डोक्यात तेच. कोर्ट म्हणजे वकील, वकील म्हणजे वाटण्या, आणि वाटण्या झाल्या की साठ एकरांतलं काय उरायचं? पण हे बोलायची लाज वाटत होती, म्हणून तो दुसऱ्या वाटेनं आला.

"मॅमी, असा घटस्फोट मिळत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं वेगळं राहिलेलं दाखवावं लागतं. तू तर याच घरात आहेस. यांचं जेवण कोण करतं?"

"मी."

"शर्ट कोण धुतं?"

"मीच."

"मग? हे वेगळं राहणं झालं?"

"काहल, शर्ट धुणं म्हणजे लग्न असेल तर कॅरिकच्या लाँड्रीवालीचे नवरे मोजता येणार नाहीत."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही."

डर्व्हलानं पर्समधून घडी केलेला कागद काढला. ती आईबरोबर वकीलबाईंकडे जाऊन आली होती. "एका छताखाली राहूनही वेगळं राहता येतं," ती म्हणाली. "एकोणीस साली कायदा बदलला, त्यात स्पष्ट लिहिलंय. घर एक असेना का. त्या दोघांत नवरा-बायकोची जवळीक आहे का, बांधिलकी आहे का, एवढंच बघतात. मॅमी मागच्या खोलीत झोपते. आठ वर्षं. हे तुला माहीत नाही का?"

"घोरण्यामुळेही लोक खोल्या बदलतात."

"आठ वर्षं एक शब्द न बोलता?"

सगळं बोलणं फेलिमच्या डोक्यावरून चाललं होतं. तो बापही होता, मालकही होता, आणि त्याच्याविषयी असं बोलत होते की तो जणू शेजारच्या गावी बाजाराला गेलाय. त्यानं गाजर खाल्लं.

"पण आत्ताच का, मॅमी?" काहल नरमून म्हणाला. "इतकी वर्षं निभावलंस. वेगळं राहायचंय तर राहा. डर्व्हलाकडे जा. माझ्याकडे ये. कोर्टात कशाला?"

आट्रॅक्टानं हात मांडीवर घेतले. हे उत्तर तिनं महिनाभर मनात घोळवलं होतं, तरी सुरुवात वेगळीच झाली.

"मागच्या फेब्रुवारीत मी अंगणात पडले, खुबा मोडला. आठवतं ना? तासभर तिथंच होते. मग हा ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टर थांबवला, उतरला. अंगातला कोट काढून माझ्यावर घातला. नीट, गळ्यापर्यंत. आणि एक शब्द न बोलता आत जाऊन तुला फोन केला. अँब्युलन्स येईपर्यंत फाटकाशी उभा होता, थंडीत, नुसत्या शर्टावर. मी तिथून त्याला बघत होते." ती थांबली. "दुखतंय का, एवढं जरी विचारलं असतं."

काहलनं नजर खाली केली. त्या दिवशीचा फोन त्यानंच घेतला होता. बाप म्हणाला होता, "ती पडलीय. ये." एवढंच. बापाचा आवाज कापत होता, हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही.

"इस्पितळात फॉर्म भरून घेतला," आट्रॅक्टा पुढे म्हणाली. "सर्वांत जवळचं माणूस कोण? नर्सनं आपणहूनच नवऱ्याचं नाव लिहिलं. कायद्यानं तोच ना. मी म्हटलं, खोडा. ती म्हणाली, मग काय लिहू? मला सांगता येईना. एक्याऐंशी साली मी सगळ्या गावासमोर हो म्हटलं होतं. आता ते संपलंय, तर तेही कोणीतरी अधिकारानं सांगावं, एवढं मला हवंय. मागच्या खोलीत हळूच संपलेलं नकोय."

काहलनं शेवटचा प्रयत्न केला. "डॅडी, तुम्ही लढवा. सांगा कोर्टाला, आम्ही नवरा-बायको म्हणूनच राहतो. एका पंगतीला जेवतो, एका बाकावर चर्चला बसतो. आत्या साक्ष देईल. दर रविवारी ती इथं असते. आत्याचं बोलणं कोण खोटं ठरवणार?"

सगळे कन्सेप्टाकडे बघू लागले.

कन्सेप्टानं आयुष्यात कधी उत्तर द्यायला वेळ लावला नव्हता. चाळीस वर्षं मुलांना तिनं खरं बोलायला शिकवलं होतं, छडी घेऊनसुद्धा. आता तिला आपले रविवार दिसू लागले. फेलिम म्हणायचा, कन्सेप्टा, छपराचा माणूस मंगळवारी येतोय. मग ती आट्रॅक्टाकडे वळून म्हणायची, ऐकलंस का, छपराचा माणूस मंगळवारी येतोय. जणू मधल्या टेबलावरून आवाज पोचतच नव्हता. सुरुवातीला वाटलं, महिना-दोन महिने. पुढे सवय झाली. पुढे तर, देव क्षमा करो, तिला ते आवडूही लागलं होतं. तिच्यावाचून घर चालत नव्हतं. एकट्या बाईला आणखी काय हवं असतं?

"मी साक्ष देईन," ती म्हणाली.

काहलनं सुटकेचा निःश्वास टाकला.

"मी सांगेन की ओरनच्या लग्नापासून माझा भाऊ आपल्या बायकोशी एक अक्षर बोललेला नाही. सांगेन की या टेबलावर दोघांच्या वतीनं मीच बोलत आले. मी नसते तर हे दोघं केव्हाच एकमेकांवर ओरडले असते, आणि कदाचित बरं झालं असतं." तिनं भावाकडे बघितलं. "खोटं बोलायला मी कोर्टात जाणार नाही, फेलिम. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

ओरनचं नाव या टेबलावर कोणी काढत नसे. तो थोरला मुलगा. सोळा साली जूनमध्ये गॉलवेत त्याचं लग्न झालं, टिआर्नान नावाच्या सुतारकाम करणाऱ्या देखण्या तरुणाशी. आदल्या वर्षी देशानं मतदान करून तशा लग्नाला मान्यता दिली होती. फेलिमनं दिली नव्हती. आट्रॅक्टा एकटीच बसनं गेली, आणि परत आली तेव्हापासून घर मुकं झालं.

फेलिमनं सुरी खाली ठेवली.

सगळे आपल्या बोलण्याची वाट बघतायत, हे त्याला कळत होतं. त्याला वाटत होतं आपण रागावलेलो असू, पण राग शोधूनही सापडेना. तो केव्हा संपला, तेही आठवेना. राग संपल्यावर फक्त न बोलणं उरलं होतं, आणि ते मोडायचं तर आधी काय म्हणायचं, हे त्याला आठ वर्षांत सुचलं नव्हतं. आता पाकीट समोर होतं. ते वाचायचं तर...

"आट्रॅक्टा," तो म्हणाला, "माझा चष्मा कुठंय?"

डर्व्हलाच्या हातातला पेला टेबलावर आपटला.

"ड्रेसरवर," आट्रॅक्टा म्हणाली. "निळ्या भांड्यात."

तो उठला, चष्मा घेऊन आला आणि पाकीट फाडलं. वाचायला त्याला बराच वेळ लागला. बोट ओळीखालून फिरत होतं. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"हे चूक आहे," तो म्हणाला. या वेळी तो सरळ तिच्याकडेच बघत होता. "इथं लिहिलंय, 'किमान दोन वर्षांपासून.' आठ होतील येत्या जूनमध्ये. अठरा तारखेला."

"कायद्याला दोन पुरतात, फेलिम."

"कायद्याला पुरत असतील. खरं ते लिहावं. शपथेवर आहे ना हे?"

"हो. शपथेवर आहे."

"मग दुरुस्त करून घे. मी लढवणार नाही." त्यानं कागद पाकिटात घातले. "काहल, तोंड मिट. माशी जाईल."

आणि मग, ज्या डर्व्हलानं आईला वकीलबाई शोधून दिल्या, कायदा वाचून दाखवला, तीच चाळिशीची डर्व्हला टेबलावर डोकं ठेवून रडू लागली. "मग ख्रिसमसला आम्ही यायचं कुठं?" ती म्हणाली. काहलच उठला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. बहीण-भावाचं गेली कित्येक वर्षं पटत नव्हतं.

*

त्यानंतरचा उन्हाळा विचित्र गेला. खुब्यामुळे आट्रॅक्टाला गाडी चालवता येत नव्हती. तिच्या वकीलबाई आणि त्याचा वकील एकाच रस्त्यावर, समोरासमोर. म्हणून फेलिमच तिला घेऊन जायचा. आपल्या वकिलाकडचं काम आटोपलं की गाडीत बसून तिची वाट बघायचा. अर्जाबरोबर ढीगभर माहिती लागते. लग्न कधी झालं, कुठं राहिलात, मुलं किती, तब्येत कशी, पुढे कोण कुठं राहणार. ती विचारायची, तो उत्तर द्यायचा. मग तो विचारायचा. फॉर्ममध्ये नसलेलंही मधूनच निघायचं. ओरन लहानपणी कोणत्या गाईला भ्यायचा? पाठ दुखते का अजून तुझी?

आट्रॅक्टानं जमीन मागितली नव्हती. वकीलबाई म्हणाल्या, न मागून चालत नाही. दोघांची सोय नीट लागली की नाही हे न्यायाधीश स्वतःच बघतात, त्याशिवाय लग्न मोडतच नाहीत. शेवटी रस्त्याकडचं वरचं शेत विकून तिला कॅरिकमध्ये नदीजवळ दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरलं. काहल आठवडाभर धुमसला. मग एका सकाळी स्वतःच जाऊन त्यानं त्या शेताचं कुंपण काढून ते विक्रीसाठी मोकळं केलं.

ऑगस्टमध्ये एकदा परतताना पावसानं वाट अडवली. फेलिमनं गाडी चर्चच्या भिंतीशी उभी केली. वायपर बंद केले.

"त्या दिवशी मी सूट घातला होता," तो म्हणाला.

"कोणत्या दिवशी?"

"ओरनच्या लग्नाच्या. करडा सूट. खोलीत तयार बसलो होतो. किल्ल्या हातात होत्या. वाटलं, तू दार वाजवशील. एकदा वाजवलं असतंस तर आलो असतो. मग बाहेरचं दार लागलेलं ऐकलं."

आट्रॅक्टा काचेवरून ओघळणारं पाणी बघत राहिली. येतोस का म्हणून तिनं आदल्या रात्रीपर्यंत सात वेळा विचारलं होतं. आठव्यांदा विचारायची तिच्यात ताकद नव्हती. त्या बसमध्ये मांडीवर हॅट धरून ती सबंध वाटभर स्वतःशी भांडत गेली होती.

"हे तेव्हा सांगायचं होतंस, फेलिम."

"हो."

"त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी. आठवड्यानं."

"हो," तो म्हणाला. "जितका उशीर झाला तितकं ते लहान दिसायला लागलं. एवढ्याशा गोष्टीसाठी महिना घालवला म्हणून सांगायची लाज. मग वर्षाची लाज."

तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला. घरी पोचल्यावर तिनं मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि कितीतरी वेळ पलंगावर बसून राहिली. मागे फिरावं का, हे तिनं स्वतःला प्रामाणिकपणे विचारून बघितलं. उत्तर यायला दोन दिवस लागले. पण आलं ते पक्कं आलं.

सप्टेंबरात फेलिमनं ओरनला फोन केला. चार मिनिटं बोलले, त्यातली तीन गुरांविषयी. टिआर्नान बरा आहे ना, असं त्यानं शेवटी विचारलं. ओरननं लगेच आईला फोन करून ते सांगितलं.

*

नोव्हेंबरात तारीख लागली. असे खटले बंद दारामागे चालतात, त्यामुळे डर्व्हला आणि काहल बाहेर बाकावर बसले. कन्सेप्टाही नवा कोट घालून आली होती, साक्षीला लागले तर म्हणून. तिला कोणी बोलावलंच नाही. आत फक्त दोघं, दोन वकील, कारकून आणि न्यायाधीश. न्यायाधीशबाई डर्व्हलाएवढ्याच वयाच्या होत्या.

आट्रॅक्टानं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली.

"तुम्ही दोघं अजून त्याच घरात राहता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यापर्यंत."

"अर्जात म्हटलंय की आठ वर्षं तुमच्यात बोलणं नव्हतं."

"नव्हतं."

"आणि आता?"

वकीलबाईंनी खोकल्यासारखं केलं. या प्रश्नाबद्दल त्यांनी आधीच बजावलं होतं. पण शपथ म्हणजे शपथ. "आता बोलतो आम्ही," आट्रॅक्टा म्हणाली.

"कधीपासून?"

"अर्ज केल्यापासून."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "मिसेस गिलहूली, समेटाची काहीच आशा नाही अशी खात्री पटल्याशिवाय मला घटस्फोट देता येत नाही. घटनेतच तसं आहे. तुम्ही म्हणता, आठ वर्षांनी बोलायला लागलात. मग मी आशा नाही असं कसं म्हणू?"

आट्रॅक्टानं कठड्याची लाकडी कड धरली.

"मी जाणार म्हणून तो बोलतोय," ती म्हणाली. "जाणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं असतं. मी राहिले तर ख्रिसमसपर्यंत तो पुन्हा बहिणीकरवी मीठ मागायला लागेल. तो वाईट माणूस नाही. मी त्याच्यावर चिडलेलीही नाही आता. पण मला उरलेली वर्षं एका घरात बसून कोणाच्या तरी पुढच्या शब्दाची वाट बघायची नाही."

मग फेलिमला उभं केलं. टोपी हातात चुरगाळत त्यानं शपथ घेतली.

"मिस्टर गिलहूली, तुम्हाला काय वाटतं? तुमच्या पत्नी म्हणतात तसं होईल?"

तो बराच वेळ गप्प राहिला. वकिलाला वाटलं, आता हा कोर्टातही मुकाच राहतो की काय.

"तिचं बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "मी स्वतःला ओळखतो, मॅडम. तिला हवं ते मी इतक्या वर्षांत काहीच दिलं नाही. ती आता एकच गोष्ट मागतेय. ती द्या तिला."

न्यायाधीशबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. घराची सोय, जमिनीची कागदपत्रं, दोघांच्या सह्या, सगळं पुन्हा एकदा नजरेखालून घातलं. मग त्यांनी दोन वाक्यांत विवाह संपल्याचं सांगितलं. त्रेचाळीस वर्षांचं लग्न मोडायला सगळी मिळून वीस मिनिटं लागली.

दाराशी कारकुनानं त्यांना थांबवलं. रजिस्टरवर मान घालून तो म्हणाला, "हुकूमनाम्याची प्रत टपालानं येईल. पत्ता एकच लिहू ना?"

"दोन," दोघं एकदम म्हणाले.